धाकट्याची पन्नासची लेन्स

४ जानेवारी, सकाळी ६.४०

नवीन वही. जुनीत ब्लडप्रेशर लिहायचे, त्यात काही राम राहिला नव्हता. या वहीत फक्त व्यवसाय.

व्यवसाय हा शब्द मी विचार करून वापरते आहे. भावजय त्याला ताईंचा नाद म्हणते. चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरची इन्चार्ज सिस्टर असलेल्या बाईला नाद लागत नाहीत. नाद इतरांना लागतात आणि ते पुढे टेबलावर येतात.

वस्तुस्थिती अशी: रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या जुन्या लेन्स ऑनलाइन लिलावात घ्यायच्या, निगुतीने साफ करायच्या, ऑनलाइन लिलावातच विकायच्या. चादरींच्या कपाटात आजमितीस अकरा नग. विकलेले दोन.

धाकट्याने (माझा भाऊ, साठी उलटली तरी धाकटाच) मला हे कॅमेरे शिकवले. यांत माणूस लेन्समधून बघतच नाही. वरच्या बाजूला एक छोटी खिडकी असते, तिच्यातून बघतो. खिडकीत एकाच चेहऱ्याच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्स फिरवायची, दोन्ही एकमेकींवर बरोबर बसल्या की फोकस झालं. लेन्सवर झाकण राहिलं तरी खिडकीत सगळं लख्ख दिसतं. धाकटा याला दोष म्हणतो. मला तर ही सोय वाटते.

या वर्षी महिन्याला दोन नग विकायचे. विक्रेत्याला अकरा प्रश्न विचारल्याशिवाय बोली लावायची नाही. दुरुस्तीवाल्याच्या पायऱ्या मेले तरी पुन्हा चढायच्या नाहीत.

९ जानेवारी

विकलेल्या दोनांपैकी एक नग परत आला. गिऱ्हाईक लिहितो की लेन्सच्या आत केस आहे. चौतीस वर्षं डोक्यावर टोपी घालून उभी राहिलेल्या बाईला हे लिहितो. केस पांढरा आहे हे मान्य. जगात पांढऱ्या केसांची मी एकटी नाही.

विकलेले आता: एक.

दुपारी एका लिलावात शेवटच्या चार सेकंदांत हरले. साइटवर बोली लावणाऱ्यांची नावं लपवलेली असतात. याचं फक्त के, मग तीन तारे, मग सात. सहा दिवस तोंड मिटून बसतो आणि शेवटच्या चार सेकंदांत उडी टाकतो. अशा माणसाला आमच्या शाळेतल्या नन्सनी बाकावर उभं केलं असतं.

१२ जानेवारी

धाकटा आला होता. त्याची पन्नासची घेऊन.

पन्नास मिलिमीटरची ही लेन्स त्याने पहिल्या पगारात घेतली. नोकरी कारखान्याच्या मासिकाच्या फोटोग्राफरची, म्हणजे तीस वर्षं यंत्रं आणि निवृत्त होणाऱ्यांच्या गळ्यातले हार. पण घरी याच लेन्सने एक काम नेमाने केलं. मुलीच्या प्रत्येक वाढदिवसाला, त्याच खुर्चीत, त्याच खिडकीशेजारी, तिचा एक फोटो. त्यांच्या पॅसेजमध्ये सव्वीस फोटो ओळीने आहेत. पहिला ती जन्मून घरी आली त्या दिवसाचा, त्यात खुर्चीवर नुसती दुपट्याची गुंडाळी दिसते.

यंदाचा सत्ताविसावा. वाढदिवस २० फेब्रुवारीला, आणि २३ला भाची तीन वर्षांच्या नोकरीवर परदेशी चालली. मध्ये सुट्टी नाही. धाकटा म्हणाला, ताई, हा एक नीट यायला हवा बघ, पुढचे तीन तर रिकामेच जाणार. त्याचा उजवा हात हल्ली किंचित थरथरतो. तो बोलला नाही, मी विचारलं नाही. चहाचा कप त्याने दोन्ही हातांनी उचलला, तेवढं पुरे.

लेन्समध्ये बुरशी धरली आहे. पुढच्या काचेच्या आतून, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे. म्हणाला, तुझ्या ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडून काढून आण ना, तो जुना माणूस आहे. मी हो म्हटलं.

१३ जानेवारी

दुरुस्तीवाल्याकडे जाणार नाही.

कारण वहीत असावं म्हणून लिहिते. गेल्या पावसाळ्यात माझी एक खरेदी त्याला दाखवली होती. त्याने टॉर्च मारला, डोळा लावला आणि म्हणाला, बाई, शोकेसमध्ये ठेवा, छान दिसेल. वर पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघून हसला. कागदाच्या दुकानाच्या वर तिसऱ्या मजल्यावर, अंधाऱ्या खोलीत, कोपर फाटलेल्या स्वेटरात बसलेला माणूस मला हसला.

बुरशी हे इन्फेक्शन आहे. इन्फेक्शनवर माझी हयात गेली.

१५ जानेवारी, दुपारी १२.१५

शस्त्रक्रिया यशस्वी.

स्वयंपाकघरातलं टेबल स्पिरिटने पुसलं, हिरवा कपडा अंथरला. ग्लोव्हज, मास्क, टोपी (केसाचा विषय पुन्हा नको). पुढची रिंग अलगद सुटली. गॉझ आणि स्पिरिटच्या तीन फेऱ्यांत बुरशी साफ.

पण उजेडात धरून बघते तर बाकीची काच निळसर जांभळी, आणि मी जिथे जोर लावला तिथे मध्यावर पांढरी स्वच्छ चकती. म्हणजे सगळ्या काचेवर वर्षानुवर्षांचा तेलकट निळा थर! कारखान्याचा धूर, दुसरं काय. पुरुषांना दिसत नाहीत या गोष्टी. स्पिरिटला तो दाद देईना. शेवटी टूथपेस्ट घेतली. पांढरी, रंगीत नव्हे. मी अडाणी नाही. बोटाने गोल गोल, आतून आणि बाहेरून, वीस मिनिटं. निळं नावाला उरलं नाही.

काच आता पाण्यासारखी आहे. दुरुस्तीवाल्याच्या बापाला असं जमलं नसतं.

१६ जानेवारी

लेन्सच्या लोकांचा एक चर्चेचा अड्डा आहे, इंटरनेटवर. सहज वाचत होते.

तो निळा थर मळ नव्हता. तो कारखान्यात मुद्दाम चढवतात. त्याच्यामुळे प्रकाश काचेवरून उलटून न जाता आत जातो. जुन्या लेन्सवरचा थर फार मऊ असायचा, रुमालानेसुद्धा निघायचा. तिथला एक तज्ज्ञ लिहितो की काही महाभाग टूथपेस्टही लावतात, अशांच्या हाती काच देऊ नये, चमचा द्यावा.

तज्ज्ञाची भाषा असभ्य आहे. तक्रार करणार.

दुपारी लेन्स खिडकीशी नेऊन तिरकी धरली. सगळ्या काचेवर बारीक गोल गोल ओरखडे. केसाहून बारीक, पण हजारो. मी किती व्यवस्थित गोलाकार हात फिरवला होता ते कळतं.

१७ जानेवारी

काच ती काच. निळी काय, पांढरी काय.

शिवाय बुरशी काढायला त्यानेच सांगितलं होतं. आणि कंपनीने एवढा मऊ थर द्यावाच का? आमच्या थिएटरमधलं एकही उपकरण टूथपेस्टने बिघडलं नसतं.

जेवण गेलं नाही. पित्त असावं.

१९ जानेवारी

धाकट्याचा फोन. लेन्सचं काय झालं? मी म्हटलं, दुरुस्तीवाल्याकडे दिली आहे, वेळ लागेल, त्याच्याकडे गर्दी असते. तोंडातून निघून गेलं. धाकटा म्हणाला, घाई करू नको म्हणावं त्याला, नीट करू दे.

हे खोटं नाही, तूर्तास केलेली व्यवस्था आहे.

२२ जानेवारी

तोडगा सापडला. इतका सोपा की लाज वाटली आधी कसा सुचला नाही.

तशीच लेन्स लिलावात घ्यायची. तीच कंपनी, तेच मॉडेल, निळा थर शाबूत असलेली. ती धाकट्याला द्यायची. त्याला स्वच्छ लेन्स मिळेल, भाचीला सत्ताविसावा फोटो मिळेल. कोणाचंही एका पैचं नुकसान नाही. झालंच तर माझं, आणि मी तक्रार करत नाही.

पुढच्या दोन आठवड्यांत अशा तीन येत आहेत. तीन म्हणजे भरपूर.

२७ जानेवारी

पहिली गेली. शेवटचे चार सेकंद. के-तीन तारे-सात.

३१ जानेवारी

दुसरी. मी शेवटच्या पाच सेकंदांत बोली लावली, त्याच्याआधी. साइट म्हणाली पासवर्ड पुन्हा टाका. पासवर्ड मी सुरक्षित जागी लिहून ठेवते, त्यामुळे सापडला नाही.

४ फेब्रुवारी

तिसरी. माझीच बोली सर्वांत वर होती, सहा दिवस. मनात ती लेन्स मी धाकट्याच्या कॅमेऱ्यावर चढवलीसुद्धा होती. विक्रेत्याने लिलाव मध्येच बंद केला. कळवलं की घरच्यांनी विकू दिली नाही. अशी घरं असतात.

धाकट्याचा निरोप: आली का ताई? सोबत अंगठ्याचं चित्र.

६ फेब्रुवारी, दुपारी ३.५०

घेतली. लिलाव नाही, थेट खरेदी. तेच नाव कोरलेलं, तोच आकार, निळा थर फोटोत चमकतो आहे. किंमत जरा कमी वाटली, पण सगळेच लुटारू नसतात. विक्रेता लिहितो: काच स्वच्छ, पॅकिंग उत्तम. पाच दिवसांत हाती.

माझे अकरा प्रश्न विचारले नाहीत. विचारले असते तर उत्तरं यायला दोन दिवस गेले असते. खरं लिहायचं तर, आठवा प्रश्न विचारला की हमखास काहीतरी निघतं, आणि मला काही निघायला नको होतं.

११ फेब्रुवारी

आली. पॅकिंग खरोखरच उत्तम.

दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. जुळ्या बहिणी. फक्त पुढच्या रिंगवर कोरलेला नंबर वेगळा. नंबर मुंगीएवढा आहे, आणि धाकट्याला जवळचं वाचायला चष्मा लागतो, आणि चष्मा त्याचा कायम हरवलेला असतो. हे मी विचारात घेतलं, हे लिहून ठेवते.

दुसरा फरक. एकदा कारखान्यात कॅमेरा लोखंडी जिन्यावर आपटला होता, तेव्हापासून धाकट्याच्या लेन्सला कडेवर एक खोक आहे. फोकस करताना त्याचा अंगठा तिथेच जातो. डोळे मिटून ओळखेल तो.

१२ फेब्रुवारी

खोक पाडली.

जुनी लेन्स समोर ठेवून, स्केलने अंतर मोजून, कानस आणि दाभण. पाऊण तास लागला. माझा हात अजूनही जराही हलत नाही. थिएटरमध्ये मोठे मोठे सर्जन म्हणायचे, सिस्टर, तुमचा हात दगडाचा आहे.

फार चांगली जमली आहे. नंतर नळाखाली हात बराच वेळ धुतले.

१४ फेब्रुवारी

नेऊन दिली. धाकट्याने कॅमेऱ्यावर चढवली, अंगठा फिरवला, खोकेवर थांबला, हसला. हीच, म्हणाला. जसं काही मी दुसरी आणणार होते.

काच उजेडात धरून बघत राहिला. म्हणाला, ताई, नव्यासारखी केली गं त्याने, त्याला माझा नमस्कार सांग. मी सांगते म्हटलं. भावजयीने माझ्यासाठी ताजा चहा टाकला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा न विचारता.

तो म्हणाला, एक रोल टेस्टला घालवू का? हल्ली फिल्म मिळत नाही, माझ्याकडे एकच आहे, पण दुसरा शोधतो. मी म्हटलं, कशाला वाया घालवतोस, दुरुस्तीवाल्याने तपासूनच दिली आहे. तो म्हणाला, मग प्रश्नच नाही.

घरी येताना उगाच दोन स्टॉप आधी उतरून चालत आले.

२० फेब्रुवारी

वाढदिवस. भाची त्या खुर्चीत बसली, मागे तो निळ्या चौकड्यांचा पडदा. एक फोटो ठरलेला. पण या वेळी धाकट्याने अख्खा रोल तिच्यावर संपवला. जवळून, अगदी दोन हातांवरून. भाची म्हणाली, बाबा, पुरे की, माझ्या नाकाचा नकाशा काढताय का? तो म्हणाला, गप्प बस, तीन वर्षांचा साठा करतोय.

हात थरथरू नये म्हणून कोपरं टेबलावर टेकवली होती. प्रत्येक फोटोआधी श्वास धरायचा. छत्तीस वेळा. मग मला म्हणाला, ये, बघ. मी खिडकीत डोळा लावला. दोन भाच्या एकमेकींवर सरकल्या आणि एक झाल्या. पापणीन् पापणी दिसत होती.

प्रकरण संपलं. उगाच महिनाभर जिवाला घोर लावून घेतला. पुढच्या वेळी आधी तोडगा, मग काळजी.

२३ फेब्रुवारी

भाची गेली. विमानतळावर धाकटा रडला नाही. भावजय रडली आणि मग मलाच धरून उभी राहिली. मी तिच्या पाठीवर थोपटलं. मला ते येत नाही, पण थोपटलं.

२६ फेब्रुवारी

धाकट्याने रोल बाथरूममध्ये डेव्हलप केला, प्रिंट काढले. भावजयीने फोन करून बोलावून घेतलं. वन्सं, जरा या, म्हणाली. वन्सं ती फक्त भांडणात किंवा आजारपणात म्हणते, म्हणून लगेच गेले.

छत्तीसच्या छत्तीस. भाचीचा चेहरा धुक्यात. डोळे, नाक, ओठ, सगळं दुधात बुडाल्यासारखं. आणि मागचा पडदा अगदी स्पष्ट. चौकड्यांची वीण मोजावी इतका. एका फोटोत पडद्याला सुटलेला धागासुद्धा दिसतो.

धाकटा न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसला होता. म्हणाला, ताई, माझे हात गेले गं. हात आणि डोळे दोन्ही. मला खिडकीत बरोबर दिसत होतं, म्हणजे मला बरोबर दिसतंय असं फक्त वाटतं.

मी म्हटलं, उजेड कमी असेल.

२७ फेब्रुवारी

उजेड कमी होता. शक्य आहे. फिल्म जुनी होती, हेही शक्य आहे. त्याचा हात थरथरतो, हे तर मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. वैद्यकीय माहिती असलेल्या माणसाने भावनेच्या भरात नसते निष्कर्ष काढू नयेत.

हात हलला तर पडदाही हलतो. हे मला दुपारी भाजी चिरताना सुचलं. चिरणं थांबवलं.

२ मार्च

धाकटा आला. कॅमेरा आणि लेन्स टेबलावर ठेवली. म्हणाला, तुझ्या त्या लिलावात विकून टाक. चांगल्या हातात जाऊ दे. मी म्हटलं, घाई कशाला. तो म्हणाला, घाई नाही, पण समोर नको. सत्ताविसाव्या फोटोसाठी ठोकलेला खिळा त्याने काढला आणि भोक भरून टाकलं.

मी त्याला पोळी-भाजी वाढली. त्याने दोन्ही हातांनी ताट पुढे ओढलं.

४ मार्च

तीन मजले चढले.

दुरुस्तीवाला त्याच स्वेटरात. मी म्हटलं, ओळखीच्या एका बाईंची लेन्स आहे, फोटो बिघडतात. त्याने कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी दुधी काच लावली, खिडकीत बघितलं, काचेवर बघितलं, पुन्हा खिडकीत. मग लेन्स उघडली. या वेळी हसला नाही.

त्याने सांगितलं ते असं. लेन्सवर नाव एका कंपनीचं कोरलंय, पोटातलं माप दुसऱ्याच कंपनीचं. मूळ नाव घासून वर मोठं नाव घातलेलं. फिरवताना कॅमेऱ्यातला दांडा ती चुकीच्या मापाने ढकलते. त्यामुळे खिडकी सांगते जुळलं आणि फिल्मवर पडतं वीतभर मागचं. लांबचं ठीक येतं, जवळचं माणूस नाही येत. बघणाऱ्याचा काही दोष नाही, म्हणाला. डॉक्टरचे डोळे आणि देवाचा हात असला तरी हेच आलं असतं.

मग अंगठा कडेवरून फिरवला आणि थांबला. ही खोक ताजी आहे, म्हणाला. आतलं पितळ अजून चमकतंय. कोणीतरी मुद्दाम पाडलीय. बाई, लेन्सला खोक कोण पाडतं मुद्दाम?

मी म्हटलं, त्या बाईंना विचारते.

त्याने पैसे घेतले नाहीत.

५ मार्च

विक्रेत्याला तक्रारीचं पत्र लिहिलं. तीन पानं. सडेतोड. वाचून फार बरं वाटलं, अर्धा तास.

उद्या धाकट्याला सांगणार. सकाळीच.

६ मार्च

सकाळी त्याची बँकेची कामं असतात. दुपारी झोपतो. संध्याकाळी माणूस थकलेला असतो, अशा वेळी असलं काही सांगू नये.

७ मार्च

भावजयीचा फोन. फोटो धुवायचे त्याचे तिन्ही ट्रे त्याने वरच्या मजल्यावरच्या बाईंना रोपं लावायला दिली. बाथरूमच्या खिडकीवरचा काळा कागद फाडला. म्हणाली, पस्तीस वर्षांनी माझ्या न्हाणीघरात ऊन आलं, पण मला नकोय हो ते. मेंदूच्या डॉक्टरांची पुढच्या आठवड्यात वेळ मिळाली आहे. ताई, तुम्ही याल ना सोबत? तुम्हाला त्यातलं कळतं.

येते म्हटलं.

८ मार्च

शाळेत दर शुक्रवारी कॅथलिक मुली कन्फेशनला जायच्या. आम्ही बाकीच्या बाहेर बाकावर. त्या दोन मिनिटांत हलक्या होऊन यायच्या आणि लगेच आमची रबरं ढापायच्या. तेव्हापासून मला त्या प्रकाराचा तिटकारा. आज वाटलं, निदान तिथे मध्ये जाळी तरी असायची.

माझ्या थिएटरमध्ये एका ट्रेनी नर्सने पोट शिवण्याआधीच्या मोजणीत एक गॉझ कमी असल्याचं लपवलं होतं. दहा मिनिटं. दहाच. मी तिला सगळ्यांसमोर इतकं बोलले की ती नोकरी सोडून गेली. ती घाबरली होती, हे मला दिसत होतं. मी म्हटलं होतं, घाबरण्यात वेळ घालवतेस तेवढ्यात माणूस मरतो.

तिचं नाव आठवत नाही.

९ मार्च

पत्र लिहावं का? प्रिय धाकट्या. फाडलं. विक्रेत्याला तीन पानं सुचली होती.

११ मार्च

गेले. कॅमेरा हातात, दोन्ही लेन्स पिशवीत. धाकटा स्वयंपाकघरात भांडी विसळत होता.

ठरवलं होतं एक, बोलले दुसरंच. म्हटलं, त्या विक्रेत्याने फसवलं बघ. तो म्हणाला, कोणत्या विक्रेत्याने? म्हणजे माझं मीच उघडं पाडलं, आणि तेही दुसऱ्याची तक्रार करताना. मग टूथपेस्टपासून सगळं सांगितलं. कानस आणि दाभणही सांगितलं. दुरुस्तीवाल्याचा खरा शोध, वीतभर मागचं, तेही. मध्ये दोनदा पांघरूण घातलं स्वतःवर, की मी चांगल्या हेतूने, की वेळ कमी होता. दोन्ही वेळा त्याने ऐकलंच नाही.

त्याने नळ बंद केला. विचारलं, म्हणजे माझे हात नव्हते?

नव्हते, म्हटलं.

आणि डोळे?

तेही नाही.

ओला हात समोर धरून बघत राहिला. थोडा थरथरत होता. तेवढाच, आधी होता तेवढाच. मग एकदम आत ओरडला, अगं ऐकलंस का, माझे हात नव्हते! आणि हसायला लागला. मला एका शब्दाने बोलला नाही. भाचीला फोन लावायला धावला, पण तिकडे पहाट होती, म्हणून फोन हातात धरूनच घरभर फिरत राहिला. म्हणत होता, पडदा तर केवढा शार्प आला होता, मला तेव्हाच कळायला हवं होतं, हात हलला असता तर पडदाही हलला असता की.

मला ते २७ फेब्रुवारीलाच कळलं होतं. हे मात्र सांगितलं नाही.

भावजय दारात उभी होती. ती हसत नव्हती. तो गॅलरीत गेल्यावर हळू आवाजात म्हणाली, तेरा दिवस. तेरा दिवस हे रोज सकाळी काठोकाठ भरलेली बशी हातात धरून उभे राहायचे. खाली कागद. किती थेंब पडले ते मोजायचे आणि लिहून ठेवायचे, डॉक्टरांना दाखवायला. काल सात पडले.

दुरुस्तीवाल्याने सांगितल्यापासून धरलं तर तेरा नव्हे, सातच दिवस होतात. मी ते म्हटलं नाही. पण मनात मोजले, आणि मोजताना मला माझीच शिसारी आली.

कॅमेरा टेबलावर ठेवला, पिशवीही ठेवायला गेले तर ती म्हणाली, ती खोटी इथे नको. मी पिशवी तशीच उचलून निघाले. गडबडीत त्याची जुनीही माझ्याच पिशवीत राहिली.

१२ मार्च, सकाळी ८.०५

धाकट्याचा फोन. आवाज तरतरीत. म्हणाला, माझी जुनी आण. थर गेला तर गेला, फोटो जरा धुरकट येतील, पण माणसं जागेवर येतील. भाचीचा नाही तर नाही, हिचा काढतो, हिचा कधी काढलाच नाही मी.

मी म्हटलं, लगेच निघते.

तो म्हणाला, आहे तशी आण. आणि ताई, पुसू नकोस.

दुपारी १.३०

नेऊन दिली. पुसली नाही.

तो फिल्म शोधायला बाहेर पडला होता. भावजयीने दार उघडलं, लेन्स घेतली, उलटसुलट करून खोक बघितली, तिच्यावरून अंगठा फिरवला, आणि दार लावून घेतलं.